सातव्या ओळीचे गणित: अ‍ॅक्रिंग्टन क्लबचा १८८८-८९ चा हंगाम

इंग्लंडमधील फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८८८-८९ साली खेळला गेला. त्या हंगामाचा गुणतक्ता पाहणाऱ्याची नजर बहुधा पहिल्याच ओळीवर खिळते, कारण तेथे प्रेस्टन नॉर्थ एंड हा संघ २२ सामन्यांत १८ विजय, ४ बरोबऱ्या आणि शून्य पराभव अशा थाटात उभा आहे. या लेखात मात्र त्याच तक्त्याची सातवी ओळ वाचायची आहे. ती अशी: अ‍ॅक्रिंग्टन, सामने २२, विजय ६, बरोबरी ८, पराभव ८, केलेले गोल ४८, स्वीकारलेले गोल ४८, गुण २०. बारा संघांत सातवा क्रमांक, आणि जितके गोल केले तितकेच अंगावर घेतले. इतकी सपाट ओळ शोधूनही सापडणे कठीण.

ही ओळ निवडण्यामागे कारण आहे. लीग म्हणजे काय, गुण कसे मोजतात, बरोबरीला किंमत किती, समान गुण झाले तर वरचा कोण आणि तळाशी गेलेल्या संघाचे पुढे काय होते, हे प्रश्न विजेत्याच्या आकड्यांतून उलगडत नाहीत. एकही सामना न हरणारा संघ कोणत्याही नियमाने मोजला तरी वरच राहतो. नियमांचा भार पडतो तो मधल्या आणि खालच्या संघांवर, आणि त्या भाराखाली अ‍ॅक्रिंग्टन कसा तरला हे पाहिले की लीगची सगळी यंत्रणा उघडी होते.

अ‍ॅक्रिंग्टन हे उत्तर इंग्लंडमधील लँकशायर परगण्यातले गिरणगाव. पश्चिमेला ब्लॅकबर्न, पूर्वेला बर्नली, आणि दोन्ही गावे इतकी जवळ की पायी जाणाऱ्यालाही दोनेक तासांत गाठता यावीत. कापडाच्या गिरण्या, छपाईचे कारखाने, सूतकताईची यंत्रे बनवणारे मोठे कारखाने, कोळशाच्या खाणी आणि पक्क्या लाल विटा ही गावाची ओळख होती. मुंबईच्या गिरण्यांत खडखडणारी यंत्रसामग्रीही त्या काळी मुख्यतः लँकशायरमधूनच येत असे, त्यामुळे हा परगणा आपल्याला वाटतो तितका परका नाही. लीगमध्ये सामील झालेल्या बारा क्लबांच्या गावांत अ‍ॅक्रिंग्टनइतके लहान गाव दुसरे नव्हते. एव्हर्टनच्या पाठीशी लिव्हरपूल होते आणि अ‍ॅस्टन व्हिलाच्या पाठीशी बर्मिंगहॅम. त्यांच्यासमोर अ‍ॅक्रिंग्टनची वस्ती चाळीस हजारांच्या आतबाहेर होती. क्लबची स्थापना १८७६ च्या सुमारास झाली आणि सामने होत थॉर्नीहोम रोडवरील क्रिकेट क्लबच्या मैदानावर. म्हणजे मैदानसुद्धा फुटबॉलचे स्वतःचे नव्हते.

गिरणगावांत फुटबॉल इतका कसा रुजला, याचे एक कारण कायद्यात सापडते. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक केले, आणि ते थांबले की गिरणीच थांबत असल्याने पुरुष कामगारही मोकळे होत. शनिवारची ही दुपार म्हणजे फुटबॉलची वेळ. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, म्हणजे अ‍ॅक्रिंग्टनचा पहिला लीग हंगाम आटोपून वर्ष उलटल्यावर. ज्या कामगाराला आठवड्यात एक दुपारही स्वतःची नाही, त्याच्या गावात प्रेक्षकांच्या जिवावर चालणारा क्लब उभा राहू शकत नाही, इतके या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर कळते.

प्रेक्षक आले की तिकिटाचे पैसे आले, आणि पैसे आले की चांगला खेळाडू पैसे देऊन आणण्याचा मोह आला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला हे मान्य नव्हते, कारण तिच्या दृष्टीने हा सभ्य हौशी लोकांचा खेळ होता. लँकशायरमधील क्लब मात्र खेळाडूंना कधी गिरणीत नावापुरती नोकरी देऊन, कधी सरळ हातावर रक्कम ठेवून आणत असत, आणि स्कॉटलंडमधून खेळाडू आणण्याची तर चढाओढच लागली होती. १८८३ मध्ये खेळाडूला पैसे दिल्याच्या कारणावरून संघटनेने अ‍ॅक्रिंग्टनला बाहेर काढले. पुढे १८८४ च्या आरंभी असाच प्रसंग प्रेस्टनवर आला, तेव्हा त्या क्लबचे सूत्रधार विल्यम सडेल यांनी आम्ही पैसे देतो आणि इतरही देतात असे उघडच सांगून टाकले. उत्तरेकडील क्लब वेगळी संघटना काढण्याच्या गोष्टी करू लागले, तेव्हा कुठे जुलै १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडू काही अटींसह कायदेशीर ठरले. अ‍ॅक्रिंग्टन हा साधा क्लब असला तरी तो भाबडा नव्हता, एवढे यावरून ध्यानात यावे.

व्यावसायिकता मान्य झाली आणि नवी अडचण उभी राहिली. खेळाडूंना पगार दर आठवड्याला द्यायचा, पण उत्पन्न देणारा सामना दर आठवड्याला होईलच याची खात्री नाही. त्या काळी क्लबांपुढे दोनच प्रकारचे सामने असत. पहिला प्रकार चषक स्पर्धांचा, ज्यात हरलेला संघ बाहेर पडतो. पहिल्याच फेरीत हरलात तर तुमची चषकाची कमाई तेथेच संपली. दुसरा प्रकार मैत्रीपूर्ण सामन्यांचा, जे पत्रव्यवहाराने ठरत आणि बरेचदा मोडत. ठरलेल्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचा चषकाचा सामना निघाला, तर तो तुमच्याकडे येणार नाही. आला तरी दुय्यम खेळाडू घेऊन येईल. आणि दुय्यम संघ आल्याचे कळले की पुढच्या शनिवारी प्रेक्षक घरीच बसतील. मोठ्या क्लबांना हे नुकसान सोसता येत असे. लहान गावातील क्लबासाठी रिकामा शनिवार म्हणजे थेट तोटा.

या दुखण्यावर उपाय सुचवला विल्यम मॅकग्रेगर यांनी. ते मूळचे स्कॉटलंडचे, बर्मिंगहॅममध्ये कापडाचे दुकान चालवणारे आणि अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या कारभारात असणारे गृहस्थ. २ मार्च १८८८ रोजी त्यांनी निवडक क्लबांना पत्र पाठवून असे सुचवले की, इंग्लंडमधील दहा-बारा प्रमुख क्लबांनी एकत्र येऊन दर हंगामात एकमेकांशी घरी आणि बाहेर असे निश्चित सामने ठरवून घ्यावेत. क्रिकेटमधील परगण्यांचे संघ एकमेकांशी ठरलेले सामने खेळत, हा नमुना त्यांच्यासमोर होता. २३ मार्चला लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील अँडरटन्स हॉटेलात पहिली बैठक झाली आणि १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात लीगची रीतसर स्थापना होऊन तिला ‘फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले. बारा क्लबांपैकी सहा लँकशायरचे होते: अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन नॉर्थ एंड. उरलेले सहा मध्य इंग्लंडचे: अ‍ॅस्टन व्हिला, डर्बी कौंटी, नॉट्स कौंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स. लंडनचा एकही क्लब त्यात नव्हता.

बाराच का, याचे उत्तर साधे आहे. चषक स्पर्धांसाठी दिवस राखून ठेवल्यावर लीगसाठी २२ तारखाच शिल्लक राहत होत्या. प्रत्येक संघाने इतर प्रत्येकाशी दोनदा खेळायचे म्हटले, तर बारा संघांपैकी एकाच्या वाट्याला अकरा प्रतिस्पर्धी आणि बावीस सामने येतात. तेरावा संघ घेतला असता तर तारखा पुरल्या नसत्या, म्हणून शेफिल्डच्या वेन्सडे क्लबासारखे अर्जदार परत पाठवावे लागले. इतक्या घट्ट यादीत अ‍ॅक्रिंग्टनला जागा मिळाली, याला त्याच्या खेळाइतकाच त्याचा पत्ताही कारण असावा असे मला वाटते. ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, प्रेस्टन हे सगळे आगगाडीच्या छोट्या प्रवासावर होते, आणि शेजारच्या गावाशी सामना म्हटला की दोन्हीकडचे प्रेक्षक हमखास येत.

आज लीग हा शब्द इतका रुळला आहे की त्यातील नवेपणा जाणवत नाही. चषक स्पर्धा ही वजाबाकी आहे. दर फेरीला संघ कमी होत जातात आणि शेवटी एक उरतो. लीग ही बेरीज आहे. येथे हरल्याने कोणी बाहेर जात नाही, प्रत्येक सामन्याचे काहीतरी खात्यावर जमा होते आणि हंगामाच्या शेवटी ज्याची शिल्लक जास्त तो पहिला. घर आणि बाहेर या दोन फेऱ्यांमुळे मैदान, प्रेक्षक आणि प्रवास यांचा लाभ-तोटा सर्वांना सारखा वाटला जातो. शिवाय क्लबांनी प्रत्येक सामन्याला आपला पूर्ण ताकदीचा संघ उतरवावा, ही अट होती. लहान क्लबाच्या दृष्टीने ही अट सोन्याची होती, कारण आता प्रेस्टनला अ‍ॅक्रिंग्टनच्या मैदानावर यावेच लागणार होते, आणि तेही खऱ्या अकरा खेळाडूंसह.

८ सप्टेंबर १८८८ या शनिवारी लीगचे पहिले सामने झाले. अ‍ॅक्रिंग्टनचा सामना लिव्हरपूल शहरात एव्हर्टनशी होता आणि तो झाला अ‍ॅनफिल्डवर. त्या वेळी ते एव्हर्टनचे मैदान होते, कारण आज तेथे खेळणारा लिव्हरपूल क्लब १८९२ पर्यंत जन्मलाच नव्हता. सुमारे दहा हजार प्रेक्षक जमले होते. अ‍ॅक्रिंग्टनचा गोलरक्षक हॉर्न सामन्यात जखमी झाला आणि बदली खेळाडू उतरवण्याची सोयच तेव्हाच्या नियमांत नसल्याने बचाव फळीतील एकाला गोलमध्ये उभे राहावे लागले. एव्हर्टनच्या फ्लेमिंगने दोन गोल केले आणि अ‍ॅक्रिंग्टन १-२ असा हरला.

त्या काळचा खेळ आजच्या डोळ्यांना थोडा विचित्र वाटेल. गोलच्या मागे जाळी नव्हती आणि पेनल्टी किकही नव्हती. दोन्ही गोष्टी १८९१ मध्ये आल्या. दोन्ही संघांचा एकेक पंच मैदानात असे आणि त्यांचे एकमत झाले नाही तर बाहेर उभा असलेला तिसरा निर्णय देत असे. गोलरक्षकाला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळता येत असे. संघाची रचना दोन बचावपटू, तीन मधले खेळाडू आणि तब्बल पाच आघाडीपटू अशी असल्याने गोलांचा पाऊस पडे. अ‍ॅक्रिंग्टनच्या २२ सामन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून ९६ गोल झाले, म्हणजे सामन्याला चाराहून अधिक.

या पावसाचा उत्तम नमुना म्हणजे दुसराच सामना. १५ सप्टेंबरला अ‍ॅक्रिंग्टन शेजारच्या ब्लॅकबर्नला गेला. ब्लॅकबर्न रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय चषक जिंकला होता. तो सामना ५-५ असा सुटला. घरच्या मैदानावर वुल्व्हरहॅम्प्टनशी ४-४, अ‍ॅस्टन व्हिलाशी १-१ अशा आणखी दोन बरोबऱ्या झाल्या. आणि २० ऑक्टोबरला तर प्रेस्टनच आला. त्या दिवसापर्यंत प्रेस्टनने लीगमधील सहाच्या सहा सामने जिंकले होते, त्यांपैकी एक स्टोकविरुद्ध ७-० असा. त्या सामन्याला स्टोकचे दोन खेळाडू वेळेवर पोहोचले नव्हते आणि संघ पूर्ण करण्यासाठी त्यांना प्रेस्टनचेच राखीव खेळाडू उसने घ्यावे लागले होते, ही गंमत येथे सांगायलाच हवी. असा हा प्रेस्टन थॉर्नीहोम रोडवर आला आणि ०-० अशा बरोबरीने परत गेला. त्या हंगामात प्रेस्टनने २२ सामन्यांत ७४ गोल केले, त्यामुळे त्यांना एकही गोल करू न देणे ही काय चीज होती हे वेगळे सांगायला नको.

अंतिम तक्त्यातील पहिले चार संघ म्हणजे प्रेस्टन, व्हिला, वुल्व्हरहॅम्प्टन आणि ब्लॅकबर्न. अ‍ॅक्रिंग्टनने यांपैकी प्रत्येकाशी एक सामना बरोबरीत सोडवला, ०-०, १-१, ४-४ आणि ५-५, आणि प्रत्येकाशी दुसरा सामना गमावला. व्हिलाच्या मैदानावर ३-४ असा निसटता, ब्लॅकबर्नविरुद्ध चक्क घरी ०-२ असा. विजय मिळाले ते बहुतेक खालच्या संघांवर. डर्बीला घरी ६-२, बर्नलीला ५-१, स्टोकला घरी २-० आणि त्यांच्याकडे जाऊन ४-२. सहापैकी चार विजय हे तळाच्या चौघांपैकी तिघांवर मिळवलेले आहेत. उरलेले दोन एव्हर्टन आणि वेस्ट ब्रॉमविच यांच्यावर, घरच्या मैदानावर. स्टोक सोडले तर बाहेर एकही विजय नाही. बोल्टनकडून दोन्ही सामने हरले, आणि तळापासून दुसऱ्या असलेल्या नॉट्स कौंटीने तर घरी येऊन २-१ असे हरवले. बलाढ्यांना अडवायचे आणि दुबळ्यांसमोर अडखळायचे, हा स्वभाव मधल्या संघांत आजही दिसतो.

आता खरा पेच. सप्टेंबरमध्ये लीग सुरू झाली तेव्हा गुण कसे द्यायचे हेच नक्की ठरलेले नव्हते. आज हे ऐकून हसू येईल, पण संस्थापकांची मुख्य चिंता सामन्यांच्या तारखा पक्क्या करण्याची होती, विजेता ठरवण्याची पद्धत हा त्यामागून येणारा प्रश्न होता. केवळ विजय मोजावेत आणि बरोबरीला काहीच देऊ नये, असाही एक विचार होता. शेवटी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, हंगाम ऐन भरात असताना, विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण असा निर्णय झाला. ब्लॅकबर्नशी ५-५ आणि प्रेस्टनशी ०-० अशी झुंज देणाऱ्या अ‍ॅक्रिंग्टनच्या खेळाडूंना त्या वेळी ठाऊकच नव्हते की आपण एक गुण मिळवत आहोत की शून्य.

हा निर्णय अ‍ॅक्रिंग्टनला किती महत्त्वाचा होता, ते तक्ता पुन्हा मांडून पाहता येते. दोन-एक पद्धतीने अ‍ॅक्रिंग्टनला सहा विजयांचे बारा आणि आठ बरोबऱ्यांचे आठ, असे वीस गुण मिळाले. बारा संघांत सर्वाधिक बरोबऱ्या त्याच्याच. समजा, फक्त विजय मोजले असते. प्रेस्टन १८, व्हिला आणि वुल्व्हरहॅम्प्टन प्रत्येकी १२, ब्लॅकबर्न, बोल्टन आणि वेस्ट ब्रॉमविच प्रत्येकी १०, एव्हर्टन ९, बर्नली आणि डर्बी प्रत्येकी ७, आणि त्यांच्याखाली अ‍ॅक्रिंग्टन ६. नॉट्स कौंटी ५, स्टोक ४. म्हणजे सातवा अ‍ॅक्रिंग्टन थेट दहावा झाला असता. आजच्यासारखे विजयाला तीन गुण लावले, तर अ‍ॅक्रिंग्टनचे २६ होतात, एव्हर्टनचे २९, बर्नलीचे २४ आणि डर्बीचे २३. तेव्हा तो आठवा. अर्थात, नियम वेगळा असता तर संघ कदाचित वेगळ्या रीतीने खेळले असते, त्यामुळे या उलटतपासणीला मर्यादा आहे. रणजी सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला गुण असतात हे ठाऊक असलेला कप्तान अनिर्णित सामनाही वेगळ्या डोक्याने खेळतो, तसेच हे.

सातव्या आणि दहाव्या क्रमांकातील अंतर नुसत्या मानाचे नव्हते. लीगचा नियम असा होता की तळाच्या चार क्लबांनी हंगामाच्या शेवटी जागा सोडायची आणि पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करायचा. त्या अर्जावर उरलेले क्लब मतदान करणार आणि बाहेरचे क्लबही त्याच जागांसाठी उमेदवार असणार. म्हणजे तळाच्या संघाचे भवितव्य मैदानावर ठरत नसे, ते सभेत ठरत असे, आणि सभेत गोलांइतकेच गावाचे स्थान, मैदानाची सोय, गर्दीची शाश्वती आणि जुनी ओळख यांना वजन असे. १८८९ मध्ये बर्नली, डर्बी, नॉट्स कौंटी आणि स्टोक यांना असे हात जोडून उभे राहावे लागले. समोर उमेदवारांत वेन्सडे होता, लिव्हरपूलजवळचा बूटल होता, मँचेस्टरचा न्यूटन हीथ होता, जो पुढे १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. त्या वर्षी जुने चौघेही परत निवडून आले. पण पुढच्याच वर्षी स्टोक पुन्हा तळाशी गेला तेव्हा सभासदांनी त्याला वगळून संडरलँडला आत घेतले. सर्वांत लहान गावाच्या अ‍ॅक्रिंग्टनला या रांगेत उभे राहावे लागले असते तर काय झाले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा. त्याला या रांगेपासून दूर ठेवले ते आठ बरोबऱ्यांनी आणि नोव्हेंबरमधील त्या निर्णयाने.

अजून एक बारकावा उरतो. अ‍ॅक्रिंग्टन आणि एव्हर्टन या दोघांचेही २० गुण होते, मग सातवा कोण आणि आठवा कोण? त्यासाठी ‘गोल सरासरी’ वापरत. नाव सरासरीचे असले तरी प्रत्यक्षात तो भागाकार आहे: केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागायचे. अ‍ॅक्रिंग्टनचे ४८ भागिले ४८, बरोबर एक. एव्हर्टनचे ३५ भागिले ४७, सुमारे ०.७४. म्हणून अ‍ॅक्रिंग्टन वर. आजची पद्धत भागाकाराऐवजी वजाबाकी करते, तिला गोलफरक म्हणतात. अ‍ॅक्रिंग्टनचा फरक शून्य, एव्हर्टनचा उणे १२. येथे दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच येते, पण नेहमी तसे होत नाही, आणि त्याचे उदाहरण याच तक्त्याच्या तळाशी आहे. नॉट्स कौंटी आणि स्टोक या दोघांचे १२ गुण होते. नॉट्सने ४० गोल करून ७३ स्वीकारले, स्टोकने २६ करून ५१. भागाकार केला तर नॉट्सचे सुमारे ०.५५ आणि स्टोकचे ०.५१, म्हणून नॉट्स अकरावा आणि स्टोक शेवटचा. वजाबाकी केली तर नॉट्सचे उणे ३३ आणि स्टोकचे उणे २५, म्हणजे स्टोक वर गेला असता. भागाकारात कमी गोल स्वीकारण्याला फार मोठे बक्षीस मिळते आणि भरपूर गोल करण्याला त्या मानाने कमी, शिवाय तो तोंडी करता येत नाही. इंग्लंडने तरीही ही पद्धत १९७६ पर्यंत सोडली नाही. १९७६-७७ च्या हंगामापासून तेथे गोलफरक आला.

पुढच्या हंगामात, १८८९-९० मध्ये, अ‍ॅक्रिंग्टन २४ गुणांसह सहावा आला आणि तीच त्याची सर्वोच्च कामगिरी ठरली. त्यानंतर उतरण लागली. लीग वाढत गेली, १८९२ मध्ये दुसरी श्रेणी निघाली आणि पहिल्या श्रेणीत सोळा संघ झाले. तळाच्या तीन संघांनी दुसऱ्या श्रेणीतील पहिल्या तिघांशी एकेक सामना खेळून आपली जागा राखायची, असा नवा नियम झाला. या सामन्यांना ‘टेस्ट मॅच’ म्हणत. क्रिकेटच्या कसोटीशी त्यांचा काही संबंध नाही. १८९२-९३ मध्ये अ‍ॅक्रिंग्टन पंधरावा आला. तीस सामन्यांत अकरा बरोबऱ्या होत्या, पण या वेळी त्या पुरल्या नाहीत. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिज मैदानावर शेफिल्ड युनायटेडने त्याला १-० असे हरवले. जुन्या व्यवस्थेत मधल्या संघाला सावकाश जमवलेली शिल्लक वाचवत असे. नव्या व्यवस्थेने तळाच्या संघांना शेवटी पुन्हा एकाच दुपारच्या हाती दिले, म्हणजे ज्या चषकी पद्धतीला कंटाळून लीग काढली तीच मागच्या दाराने परत आली. माझ्या मते हा नियम मतदानापेक्षा न्याय्य होता, तरी अ‍ॅक्रिंग्टनसारख्या क्लबाला तो अधिक क्रूर होता.

दुसऱ्या श्रेणीत खेळण्याऐवजी अ‍ॅक्रिंग्टनने लीगचा राजीनामा दिला. दुसऱ्या श्रेणीत प्रवास लांबचे, प्रतिस्पर्धी कमी नावाजलेले आणि प्रेक्षक कमी, तेव्हा खर्चाचा मेळ बसणे अवघडच होते. काही काळ क्लब लीगबाहेर खेळत राहिला आणि १८९६ मध्ये पैशाअभावी बंद पडला. बारा संस्थापकांपैकी कायमचा नाहीसा झालेला हा एकटाच. बाकीचे अकरा आजही खेळत आहेत, स्टोकसुद्धा.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आज इंग्लिश लीगमध्ये अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ले नावाचा क्लब आहे, तो या जुन्या क्लबाचा वारस नाही. स्टॅन्ले हा त्याच गावातला वेगळा क्लब. तो १९२१ मध्ये लीगमध्ये आला, १९६२ मध्ये कर्जापायी हंगामाच्या मध्येच बाहेर पडला, १९६८ मध्ये नव्याने स्थापन झाला आणि २००६ मध्ये परत आला. त्याचे मैदानही निराळे आहे.

जुन्या क्लबाचे थॉर्नीहोम रोडवरील मैदान मात्र अजून आहे, आणि ते ज्यांचे होते त्यांच्याकडेच आहे. अ‍ॅक्रिंग्टनचा क्रिकेट क्लब तेथे दर उन्हाळ्यात खेळतो. ज्या जागेवर प्रेस्टनचा विजयाचा घोडा ऑक्टोबर १८८८ मध्ये अडला, तेथे १९९१ च्या उन्हाळ्यात क्लबने पगारी खेळाडू म्हणून आणलेला, तोवर फारसा कोणाला माहीत नसलेला एक ऑस्ट्रेलियन लेगस्पिनर गोलंदाजी करत होता. त्याचे नाव शेन वॉर्न.